सामाईक फोल्डर

पुढच्या खोलीत डिझेलचा हिशेब, मागच्या शेडमध्ये बर्फाचा.
मधे देवगडचं ऊन, वाळत घातलेली जाळी,
आणि त्यांच्यावरून, माडाला दोन वेढे देऊन
मी ओढलेली निळी केबल.

बाबल तारींचं मशीन विंडोजवर चालतं.
माझं इतकं जुनं की त्याला विंडोज पेलवेना,
म्हणून कुडाळच्या एका पोराने त्यात लिनक्स घालून दिलं.
तेव्हापासून बाबलकाका त्याला घरजावय म्हणतात.

आठवडाभर दोघांना एकमेकांचं दार दिसेना.
वर्कग्रुपचं नाव इकडे एक, तिकडे भलतंच;
एका वाडीत राहायचं आणि टपाल दोन गावांना.
मग मी सांबा बसवला.
"सांब?" काका खुर्चीत सरळ झाले.
"सांबा, काका. दुभाषी आहे तो.
ह्याचं त्याला त्याच्या बोलीत सांगतो."
त्यांनी तरी मॉनिटरला हात जोडलेच.

पहिल्या दिवशी फोल्डर उघडला. दुसऱ्या दिवशी अंगणातून हाक:
"गो रसिका, वाचूक दिता, लिवूक दिणा नाय!"
परवानगी. ही आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.
सामाईक विहिरीचं पाणी खुशाल न्यावं,
कठड्याला चुना मात्र आपल्या मनाने लावू नये.
मी काकांना कठडाही देऊन टाकला.
चूक तिथे झाली असेल.
किंवा त्याच्या आधीच, नाव ठेवताना.

कारण होडी एकच, रामेश्वर प्रसाद.
कागदावर दोघा कोयंडे भावांची,
आणि भाऊ चार वर्षं तिच्यात समोरासमोर बसून बोलत नाहीत.
डिझेल रवळूचं, बर्फ जगन्नाथचा.
बर्फात डिझेलची उधारी मिसळायला नको
म्हणून मी दोन फायली केल्या,
एक इंग्रजी मोठ्या आरने सुरू होणारी, एक लहान.
माझ्या मशीनला त्या दोन दिसतात:
थोरला आर, धाकटा आर, चुली वेगळ्या.
काकांच्या मशीनला थोरलं-धाकटं कळत नाही.
आपल्या अक्षरांत तरी ते कुठे आहे?
फार तर वेलांटी चुकते.

"दोन दोन जागी कित्याक?" म्हणून काकांनी
सगळं आपल्याकडे ओढलं, माझ्याकडचं पुसलं.
मशीनने रीतसर विचारलं,
ह्या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू?
काका होय म्हणाले.
सोसायटीत ते कोणालाच नाही म्हणत नाहीत.

नारळी पौर्णिमेपासून दत्तजयंतीपर्यंतचा बर्फ गेला.
"वितळलो," म्हणाले काका,
आणि मग बराच वेळ डिझेलच्या पावत्या सारख्या करत बसले.

संध्याकाळी दोघांना बोलावलं. एक दारात, एक खिडकीशी.
जगन्नाथ बोटांवर आठवू लागला:
"गणपतीच्या आदल्या दिसा बारा लादयो."
रवळू भिंतीवरच्या कॅलेंडरला:
"तेका सांग, चवदा. दोन फुटल्यो."
"तेका इचार, फुटलेल्यांचे पैशे कोणी दिल्यान?"
मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे,
थोडं गाळत, थोडं माझं घालत.
गाढव हा शब्द दोनदा आला, मी पोचवला नाही.
साडेआठपर्यंत अख्खा हंगाम परत उतरला,
लादीमागून लादी.
धाकट्याचा बर्फ थोरल्याला इतका पाठ असेल
असं मला वाटलं नव्हतं.

ते गेले, दोन वाटांनी, एकाच धक्क्याकडे.

आता फायलींच्या नावांत आकडे घालायचे, एक आणि दोन.
पण एक कोणाला द्यायचा ते ठरेना.
काका म्हणतात, होडयेक इचार.
तोवर मशीन बंद करत नाही,
आणि केबलवर आज एक खंड्या बसलाय.